अजगर राजाले गिळून राहिला

अमरावती, ८ जानेवारी २०२५

ताराताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण उजवा पाय प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा सध्या नुसता नमस्कार घे. साष्टांगाला एक अंग कमी पडतं.

पाय कसा मोडला ते किशोरनं तुला तिखटमीठ लावून लिहून दाखवलंच असेल, तरी मूळ लेखकाकडून ऐक. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढत होतो. गठ्ठा माझ्याच कादंबऱ्यांचा, ‘विपर्यासनगरी’चे सहा खंड, न खपलेले. आधी गठ्ठा आला, मग मी, मग स्टूल. डॉक्टरांनी कशामुळे पडलात विचारलं आणि मी खरं सांगितलं. ते इतके हसले की एक्स-रे दोनदा काढावा लागला.

आता होळीपर्यंत खुर्चीत. तेवढ्यात सातवा आणि शेवटचा खंड संपवायचा आहे. पुण्याचे एक प्रकाशक छापतो म्हणाले आहेत. त्यांनी आधीचे खंड वाचलेले नाहीत, म्हणून तयार झाले असावेत.

जन्मभर बडनेऱ्याच्या शाळेत मराठी शिकवलं आणि घरी येऊन राक्षस लिहिले. लग्नकार्यात कोणी ओळख करून देतं, हे आमचे लेखक. समोरचा आदरानं विचारतो, काय लिहिता. मी म्हणतो, अद्भुत कादंबऱ्या. तो म्हणतो, म्हणजे लहान मुलांच्या. मी म्हणतो, नाही, मोठ्यांच्या. मग तो जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतो. माझ्या संसारात मंजुषा होती तेव्हा ती विचारायची, तुमच्या नगरीत एवढे महाल आहेत, तिथली भांडी कोण घासतं? ती गेली, सहा खंड झाले, अजून मला उत्तर सुचलेलं नाही.

या सगळ्याचा दोष तुझा. मोर्शीला मामाच्या संत्र्याच्या बागेत आपल्या आया पापड लाटायच्या आणि तू मला झाडाखाली बसवून उलटपूरच्या गोष्टी सांगायचीस. नदी डोंगरावर चढते, सावल्या माणसांना ओढत नेतात. तेव्हापासून मला या जगात नीट लक्ष देता आलेलं नाही. पोरं सिनेमाला जायची, मी वाचनालयात उडत्या घोड्यांची पुस्तकं शोधायचो, आणि ती संपली तेव्हा स्वतःच लिहायला लागलो. एका मावसबहिणीनं बिघडवलेला मी माणूस आहे.

फोन केला असता, पण तुझा कान आणि माझा बटणांचा फोन, दोघंही निवृत्त. किशोर बडनेरा-अकोला अप-डाऊन करतो तोवर आपलं टपालखातं सुरू. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी माझं लिखाण लोकांपर्यंत पोचवणारा हा एकच विद्यार्थी. वाचत मात्र तोही नाही.

तुझा,
चिंतामण

*

अकोला, ११ जानेवारी

चिंत्या,

आशीर्वाद. सहा महिन्यांनी का होईना, मोठी आहे.

पाय मोडला हे वाचून वाईट वाटलं आणि कशानं मोडला ते वाचून पोट धरून हसली. सातवा खंड अजून निघाला नाही हे बरंच आहे, नाहीतर दुसराही पाय गेला असता.

तुझा सहावा खंड परत वाचून काढला. चिंत्या, तुझा अजगर हेडमास्तरावानी बोलून राहिला. ‘हे नृपते, तुझा अंतकाळ समीप आला आहे.’ काहून रे बाप्पा? ज्याले खायचं आहे त्यानं एवढं बोलावं काहून? बागेतला आपला अजगर गिळू होता. तो म्हणे, ए बंडू राजा, चपला काढ, मले घशात टोचते. त्या गिळूचा तू महाग्रासक केला, बंडूचा भद्रकेतू केला, आणि उलटपूरचं जे काही केलं ते मले अजून एका दमात म्हणता नाही येत. शेवटच्या खंडात तरी त्याइले आपल्यासारखं बोलू दे.

इकडचं म्हणशील तर शुभंकर येऊन गेला. मागच्या महिन्यात दारावरची बेल मले ऐकू नाही आली, दूध उतू गेलं तेही नाही समजलं. शेजारच्या चंदानं मागच्या खिडकीतून काठी घालून मले हलवलं. हे त्याले कळल्यापासून त्यानं एकच धरलं आहे, आई, बंगळूरले चल, कायमची चल. पोट्ट्याचं काही चुकत नाही. मले पण काही सुचून नाही राहिलं. इथं सारे ओळखीचे आहेत, तिथं माझ्यासाठी कागदावर लिहून बोलायले कोणाले वेळ आहे? तुले काय वाटते ते लिहजो.

तारा

*

अमरावती, २० जानेवारी

ताराताई,

तुझं पत्र वाचलं आणि प्लास्टरसकट उडी मारावीशी वाटली. तू म्हणतेस ते खरं आहे. गिळूचं तोंड मी बंद करून ठेवलं होतं. आठ दिवस झाले, तो बोलतो आहे आणि मी फक्त उतरवून घेतो आहे. चपलांचं वाक्य जसंच्या तसं घातलं.

एकतिसाव्या प्रकरणाचा शेवट ऐक. वेशीवरचा पहारेकरी धावत येतो आणि ओरडतो, ‘धावा हो धावा, अजगर राजाले गिळून राहिला!’ प्रकरण संपलं. बत्तिसाव्यात राजवाड्यातली भांडी घासणारी बाई राखेच्या हातांनी बाहेर येते, राजाचे पाय धरते आणि त्याला ओढून काढते. राखेमुळे पकड सुटत नाही. राजा बाहेर येऊन शिंकतो. मंजुषाला एवढ्या वर्षांनी उत्तर मिळालं. लिहिताना मला रडू आलं, आणि आपल्याच पुस्तकावर रडणारा लेखक कसा दिसतो ते समोरच्या आरशात बघून लगेच थांबलं.

हस्तलिखित पुण्याला गेलं. प्रकाशकांकडे इशिता नावाची मुलगी संपादन करते. हुशार वाटते, मला सर म्हणते.

सोबत तुझं पत्र परत पाठवतो आहे. रागावू नको, हाताला सवय आहे. ‘बोलून राहिला’ नव्हे, ‘बोलत आहे’. ‘सुचून नाही राहिलं’ नव्हे, ‘सुचत नाही’. अजगरानं बोलावं तसं बहिणीनं लिहू नये. दहापैकी सहा. अक्षर चांगलं म्हणून सहा.

शुभंकरला आशीर्वाद कळव.

चिंतामण

*

अकोला, ९ फेब्रुवारी

प्रिय चिंतामण,

तुझे पत्र आणि माझे तपासलेले पत्र, दोन्ही मिळाले. यापुढे शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करीन.

पहारेकऱ्याचे वाक्य आवडले. राजाला बाहेर काढलेस हे फार चांगले केलेस. भांडी घासणाऱ्या बाईला नाव दे, एवढे काम करून ती बिननावाची नको.

शुभंकरविषयी तू काही लिहिले नाहीस, म्हणून माझे मीच ठरवले. मी बंगळूरला शुभंकरकडे जाऊन राहिले. तिथली हवा चांगली आहे म्हणतात. इथल्या घराचे काय, चंदाकडे किल्ली दिली की झाले. तुला कसे वाटते ते कळव.

तुझी,
तारा

*

अमरावती, १२ फेब्रुवारी

ताराताई,

दहापैकी नऊ! एकही लाल खूण करावी लागली नाही, म्हणून हे पत्र परत न पाठवता ठेवून घेतलं आहे. माझ्या वर्गात तू असतीस तर तुझी वही मी सगळ्या शाळेत फिरवली असती.

बंगळूरचं फार चांगलं केलंस. मुलगा एवढा आग्रह करतो तर माणसानं जावं. मला आनंदच झाला.

इकडे मोठीच धांदल आहे. मुखपृष्ठावर अजगर हवा की राजा, यावर पत्रापत्री चालू आहे. मी म्हटलं, दोघं हवेत, अर्धा-अर्धा. चित्रकारानं अजगर असा काढला आहे की तो नुकताच जेवून सुपारी चघळतो आहे असं वाटतं. किशोरला दाखवलं तर तो म्हणाला, सर, हा तुमच्यासारखा दिसून राहिला. त्यालाही शुद्ध बोलायला सांगितलं.

बाईला नाव दिलं. दुर्गाबाई.

चिंतामण

*

अकोला, १७ फेब्रुवारी

प्रिय चिंतामण,

पत्र पोचले. तुला आनंद झाला हे वाचून माझाही प्रश्न सुटला.

होळी झाली की शुभंकर येणार आहे. पुस्तक निघाले की त्याच्या पत्त्यावर पाठव. पायाला जप.

तारा

*

अमरावती, ४ मार्च

ताराताई,

नमस्कार नंतर. आधी सगळं वाच, मग जे शिव्याशाप द्यायचे ते दे.

काल पुण्याहून छपाईपूर्वीचा खर्डा आला. उघडला तर बत्तिसावं प्रकरण नाही. दुर्गाबाई नाही, राख नाही, शिंक नाही. त्याऐवजी नवा परिच्छेद. अजगरानं राजाला गिळलं आणि तो राजवाड्यातच राहिला. हळूहळू प्रजेला त्याची सवय झाली. समाप्त. खरं सांगायचं तर परिच्छेद चांगला होता. माझ्या आधीच्या सहा खंडांत इतका नेटका एकही नाही, याचा राग वेगळा.

मी किशोरच्या फोनवरून इशिताला फोन लावला. ती बिचारी शांतपणे म्हणाली, सर, पहारेकरीच सांगतो ना, अजगर राजाला गिळून राहिला. म्हणजे गिळलं, आणि मग तिथेच राहिला. मेलेला राजा पुढच्या प्रकरणात शिंकतो कसा, म्हणून मला वाटलं पानं चुकून लागली. मी तिच्यावर ओरडलो. अगं, गिळून राहिला म्हणजे गिळतो आहे! अजून गिळलेलं नाही! राजाचे पाय बाहेर आहेत! बडनेऱ्याच्या फलाटावर चहावाल्याला विचार, मोर्शीच्या बाजारात संत्रेवाल्याला विचार, कोणीही सांगेल.

ती म्हणाली, “सर, मग तुमच्या आधीच्या सहा खंडांत असं एकदाही कसं नाही? आणि शाळेत तर हे चूक म्हणून शिकवत असतील ना?”

ते शिकवणारा मीच. ‘करून राहिलो’ दिसलं की खाली लाल रेघ, आयुष्यभर. बडनेऱ्याच्या दोन पिढ्यांच्या तोंडातून जे मी उपटून काढलं, ते पुण्याच्या मुलीला ठाऊक नाही म्हणून तिच्यावर ओरडत होतो. तिची माफी मागितली. बत्तिसावं प्रकरण परत घालते म्हणाली.

फोन ठेवला आणि ‘राहिला, राहिला’ डोक्यात घोळत बसलो. मग तुझं एक वाक्य एकदम आठवलं. फाइलमधून तुझं नऊ गुणांचं पत्र काढलं.

‘मी बंगळूरला शुभंकरकडे जाऊन राहिले.’

ताराताई, मला वाटलं होतं तू चार दिवस जाऊन, राहून आलीस. मी ते पुण्याच्या मराठीत वाचलं. तू आपल्या वऱ्हाडीत लिहिलं होतंस. जाऊन राहिली. म्हणजे जाते आहे, कायमची. माझ्या लाल शाईला भिऊन तू ‘राहिली’चं ‘राहिले’ केलंस, तुला वाटलं झालं शुद्ध, आणि मलाही वाटलं झालं शुद्ध. ज्या चुकीसाठी मी त्या पोरीवर ओरडलो तीच मी तीन आठवड्यांपूर्वी केली होती, आणि वर तुला नऊ गुण दिले होते. होळी झाली की शुभंकर येणार, किल्ली चंदाकडे जाणार, पुस्तक त्याच्या पत्त्यावर पाठवायचं, सगळं तू लिहिलं होतंस. तू मला जानेवारीत विचारलंस, तेव्हा मी अजगरात आणि चपलांत गुंतलो होतो. फेब्रुवारीत विचारलंस, तेव्हा माणसानं जावं म्हणालो आणि आनंद झाला म्हणालो. अजगराच्या पोटात काय चाललं आहे ते मी सात खंड सांगू शकतो. बहिणीनं चार ओळींत जाऊ का म्हणून विचारलेलं मला कळत नाही. लोक मला लेखक मानत नाहीत ते बरोबरच करतात.

आता जानेवारीत लिहायला हवं होतं ते लिहितो. कृपया जाऊ नकोस.

तू गेलीस तर मला करमणार नाही. हे कारण फार स्वार्थी आहे, पण खरं आहे, म्हणून पहिलं तेच लिहिलं. मी सात खंड कोणासाठी लिहिले याचा विचार काल केला तर वाचक एकच निघाला. बाकीचे गठ्ठ्यात आहेत.

बेलचं मी किशोरशी बोललो. बेल दाबली की दिवा लागेल असं करता येतं म्हणतो. एक स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत. रविवारी त्याला सुट्टी आहे, तो येऊन बसवून देईल. प्लास्टर निघालं की दर मंगळवारी मी अकोल्याला येईन, दिवसभर बसेन, कागदावर लिहून बोलेन. तुझ्याशी बोलायला वेळ असलेला माणूस तुला पाहिजे होता ना, माझ्याइतका रिकामा माणूस सगळ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. शुभंकरलाही मी किशोरच्या फोनवरून सगळं कळवलं आहे, स्वतःच्या मूर्खपणासकट. त्याला तुझी काळजी आहे, ती खोटी नाही. त्यानं नाही म्हटलं तर मी त्याच्या हातापाया पडेन, एक पाय मोडलेला असला तरी.

होळी अजून व्हायची आहे. पाय अजून बाहेर आहेत, ताराताई. मी ते धरले आहेत.

आणि तुझं ते वाक्य शेवटचं तपासतो. ‘बंगळूरला शुभंकरकडे जाऊन’ एवढं खोड. ‘राहिले’चं परत ‘राहिली’ कर. बाकी काही बदलू नकोस.

तुझा मठ्ठ भाऊ,
चिंतामण

*

अकोला, १० मार्च

चिंत्या,

आशीर्वाद, आणि सोबत तुझं पत्र तपासून परत. दोन ठिकाणी लाल केलं आहे. ‘कृपया जाऊ नकोस’ मधला कृपया खोडला. बहिणीले कोणी कृपया म्हणते का? आणि ‘मठ्ठ’ खाली बरोबर अशी खूण केली. दहापैकी दहा दिले असते, पण तू डोक्यावर चढशील म्हणून साडेनऊ.

पत्र आलं तेव्हा मी भांड्यांची पेटी बांधून राहिली होती. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मले तुझा राग आला होता रे. महिनाभर मी स्वतःले सांगून राहिली होती, की चिंत्याले काहीच नाही वाटलं, आपणच उगा जीव लावतो. चंदाजवळ रडली पण. तिले तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून दाखवली, मुलगा आग्रह करतो तर माणसानं जावं. तिनं तुले ज्या शिव्या दिल्या त्या शुद्ध करूनही लिहिता नाही येत.

शुभंकर आधी रागावला. तिकीट काढलं होतं त्यानं. त्यानं तुझा तो लांबलचक मेसेज सुनेले वाचून दाखवला आणि ती इतकी हसली की त्यालेही हसू आलं म्हणे. शेवटी दिवाळीपर्यंत पाहू म्हणाला तो. दिवाळीले येऊन दिवे लागतात का ते तपासणार आहे. तपासायची खोड कोणाकडून आली ते सांगायची गरज नाही.

काल किशोर आला होता. दिवे बसवले, दोन्ही. आता चंदा येता-जाता बेल दाबून राहिली, काम काही नाही, नुसती दिवा पाहायले. स्वयंपाकघरात उजेड झाला की मी दचकते आणि मग मले बरं वाटते.

किशोरच्या हाती डबा पाठवला आहे, पुरणपोळ्या आहेत, होळीच्या आधीच केल्या. डबा परत आणजो, प्लास्टर निघालं की, मंगळवारी, स्वतः. आणि येताना दुर्गाबाईचं प्रकरण घेऊन ये, छापील नको, तुझ्या हातचं. मीच तुले वाचून दाखवीन, गिळूचा आवाज तुले काढता नाही येत.

तू सांगितलं तसं वाक्य दुरुस्त केलं, माझ्याच हातानं. वाच.

मी राहिली.

तारा